खराटा आणि हाक

देवाची हाक म्हटली की घरदार सोडणे आठवते, आणि नाशिकला गोदाकाठी गाडगे महाराजांच्या नावाचा पूल ओलांडताना ती समजूत पक्कीच होते. कारण 1905 मध्ये त्यांनी खरोखरच घर सोडले होते. पण सोडून ते गेले कुठे? हिमालयात नव्हे, गावोगावच्या उकिरड्यावर. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. गाव झाडून झाल्याखेरीज देवाचा विषय नाही, हा क्रम मला त्यांच्या कीर्तनाइतकाच बोलका वाटतो. नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे त्यांनी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूला पाठ टेकायला जागा हवी, मूर्तीला छप्पर होतेच.

यावर कुणी म्हणेल, झाडलोट हे महापालिकेचे काम, त्यासाठी कर भरतो की आम्ही. मुद्दा रास्त आहे. सेवेच्या नावाखाली यंत्रणेला मोकळे सोडणे बरे नव्हे. मात्र कर भरून रामकुंडात निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी भिरकावण्याचा परवाना मिळत नाही. दुसरा आक्षेप अवघड: संसारी माणसाला एवढा वेळ कुठून? इथे संन्याशाचा दाखला अपुरा पडतो, हे कबूल. पण महाराजांची मागणी तरी काय होती? पोरांना शिकवा, कर्ज काढून सण करू नका, शिवाशिव पाळू नका, बकरे कापू नका. यातली एकही गोष्ट घर सोडून करता येत नाही.