घरचा प्रिंटर अबोला धरतो तेव्हा

बंगळुरूसारख्या शहरात आज बँकेचे बहुतेक व्यवहार घरबसल्या होतात. तरीही कागदाची गरज संपलेली नाही. व्हिसाच्या अर्जासोबत जोडावयाचा खातेउतारा, मुलांच्या शाळाप्रवेशासाठी लागणारा पत्त्याचा पुरावा, ठेवीच्या व्याजातून करकपात होऊ नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी द्यावयाचे निवेदन, अशा निमित्तांनी घराच्या कोपऱ्यातील प्रिंटरची आठवण होते. नेमक्या त्याच वेळी संगणकाच्या पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ ही अक्षरे उमटतात. यंत्र सहसा ठणठणीत असते. त्याचा आणि संगणकाचा संवाद तेवढा तुटलेला असतो. तो घरच्या घरी जोडता येतो. मात्र जोडण्याच्या घाईत भलत्याच माणसाची मदत घेतली गेली, तर नुकसान बचत खात्याचे होते. बँकेच्या पत्रिकेत या विषयाला जागा देण्याचे कारण तेच.

प्रथम यंत्राची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. प्रिंटरवर छायाप्रत काढण्याची सोय असल्यास एखाद्या कागदाची प्रत काढून पाहावी, नसल्यास त्याच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चाचणीपृष्ठ छापावे. ते नीट उमटले, तर शाई, कागद व यंत्र यांची शंका मिटली. प्रिंटर यूएसबी केबलने जोडलेला असेल तर केबल थेट संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. मध्ये जोडलेला हब किंवा पाच मीटरहून लांब केबल असेल तर ती बाजूला करावी. केबलच्या प्रिंटरची कथा बहुधा इथेच संपते.

वाय-फायवर चालणाऱ्या प्रिंटरची गोष्ट निराळी आहे, आणि आजकाल घरोघरी तेच असतात. एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूत वळवाचा पाऊस येतो, वीज जाते, परत येते. राऊटर व प्रिंटर दोन्ही पुन्हा सुरू होतात. राऊटर हा घरातील प्रत्येक उपकरणाला एक क्रमांकरूपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. पुन्हा सुरू झाल्यावर तो प्रिंटरला वेगळाच पत्ता देऊ शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर मजकूर पाठवीत राहतो. ग्राहकाने घर बदलले, पण बँकेत नवा पत्ता नोंदवला नाही, की चेकबुक टपालाने परत येते. त्यातलाच हा प्रकार. प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या नेटवर्क पृष्ठावर सध्याचा पत्ता दिसतो. तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला आणि प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले, तर वाट मोकळी आहे असे समजावे. मग संगणकातील जुनी नोंद काढून प्रिंटर नव्याने जोडला की काम होते. पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राऊटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही. अशा वेळी आधी राऊटर व नंतर प्रिंटर बंद करून त्याच क्रमाने सुरू करावा. राऊटरच्या व्यवस्थेत प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. घरातील एखाद्या जाणकार तरुणाकडून ते एकदा करून घेतले, की दर पावसाळ्याचा त्रास वाचतो.

इंटरनेटची जोडणी बदलल्यावरही हाच अनुभव येतो. नव्या राऊटरचे नाव व पासवर्ड वेगळे असतात आणि प्रिंटर बिचारा जुन्याच नावाचा शोध घेत बसतो. शिवाय नवे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन लहरींवर चालतात, तर घरगुती वापराच्या अनेक प्रिंटरांना त्यांपैकी पहिलीच समजते. जोडणी करताना २.४ चे जाळे निवडावे. पाहुण्यांसाठी राखलेल्या ‘गेस्ट’ जाळ्यावर प्रिंटर ठेवू नये. तेथील उपकरणे सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

या शहरातील घरांत हमखास आढळणारे आणखी एक कारण म्हणजे कंपनीने दिलेला लॅपटॉप. कार्यालयाच्या सुरक्षित व्हीपीएन जोडणीवर असताना तो शेजारच्या टेबलावरील प्रिंटरलाही ओळख दाखवीत नाही. हा दोष नव्हे, ती कंपनीने मुद्दाम केलेली व्यवस्था असू शकते. तिच्यात ढवळाढवळ करू नये. घरचे छपाईकाम घरच्या संगणकावरून करावे.

वाट मोकळी असूनही कागद बाहेर येत नसेल, तर संगणकातील रांग पाहावी. काउंटरवर पहिल्याच व्हाउचरची सही जुळली नाही की मागचे सगळे ताटकळतात, तसेच अर्धवट अडकलेले एक पान पुढची सर्व पाने रोखून धरते. प्रिंटरची रांग उघडून सर्व कामे रद्द करावीत. ती हटत नसतील तर विंडोजमधील ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी. त्याच खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ यासमोर खूण दिसल्यास ती काढावी. कधी कधी यादीत त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद असते आणि मजकूर जिवंत नोंदीऐवजी निकामी नोंदीकडे जात असतो. एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरची भाषा शिकवणारी प्रणाली, काढून नव्याने बसवावा.

खरा धोका या टप्प्यावर सुरू होतो. ड्रायव्हरसाठी किंवा मदतीच्या दूरध्वनी क्रमांकासाठी बहुतेक जण महाजालावर शोध घेतात. शोधात सर्वांत वर येणारा दुवा अनेकदा जाहिरात असते आणि तेथील संकेतस्थळ कंपनीचे असेलच असे नाही. काही बनावट संकेतस्थळे ड्रायव्हर उतरवीत असल्याचा देखावा करतात, शेवटी मुद्दाम त्रुटी दाखवतात व पडद्यावर एक क्रमांक झळकावतात. पलीकडचा अदबीने बोलणारा ‘अभियंता’ पडदा दुरून पाहू देणारे ॲप उतरवायला सांगतो, त्यातील सांकेतिक क्रमांक विचारतो आणि शेवटी नोंदणीसाठी अगदी दहा रुपये नेटबँकिंगने भरण्याची विनंती करतो. रक्कम क्षुल्लक असते. त्याला हवे असते ते पासवर्ड व ओटीपी टाइप होताना पाहणे.

अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एनीडेस्क’चे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. ते ॲप स्वतः वैध आहे. दुरुपयोग करणारा माणूस वेगळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडती घेतली, तेव्हा नामांकित कंपन्यांच्या तंत्रसाहाय्याचे सोंग घेणारी कॉल सेंटर्सही त्या कारवाईच्या कक्षेत होती. बंगळुरूच्या ग्राहकाला तर अनोळखी क्रमांकाच्या मागे लागण्याचे कारणच नाही. एप्सनसारख्या प्रिंटर कंपनीचे भारतातील मुख्यालय याच शहरात आहे आणि एस. पी. रोडवर संगणक दुरुस्तीची दुकाने ओळीने उभी आहेत. दूरध्वनीच करावयाचा, तर क्रमांक खोक्यावरून किंवा हमीपत्रावरून घ्यावा. ड्रायव्हरही कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तेथूनच उतरवावा.

एखाद्याने असे ॲप आधीच उघडून दिले असेल, तर लाज न बाळगता लगेच हालचाल करावी. राऊटरचे बटण बंद करून संगणक जाळ्यातून तोडावा. दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून कार्ड व नेटबँकिंग बंद करावे. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय मदतवाणीवर तक्रार नोंदवावी. पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरूनच बदलावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दायित्वाची रेषा आखली ती याच कळवण्याच्या क्षणावर: ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे स्वतःचे, आणि कळवल्यानंतर होणारे बँकेचे. त्यामुळे शाखेशी बोलल्यावर तक्रारीचा क्रमांक, दिनांक व वेळ कागदावर टिपून ठेवावी. त्यासाठी प्रिंटर लागत नाही.