कुत्र्यासाठी घरचा गारेगार खाऊ

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा आपल्याला घाम येतो, पन्हं मिळतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करूनच ते अंग थंड ठेवतं. म्हणून पाणी पोटात जायलाच हवं. आवडीनं जावं, यासाठी हा खाऊ.

बिया आणि साल काढलेलं कलिंगड कुस्करा. दोन चमचे ताजं दही, थोडं पाणी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. साखर-मीठ नको. दही पचत नसेल तर नुसतं कलिंगड चालेल. तुकडा किंचित विरघळू देऊन मगच द्या, एकदोन पुरेत. आपलं आइस्क्रीम मात्र देऊ नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि शुगर-फ्री पदार्थांतलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं.

आणि मंडळी, हा खाऊ आहे, उष्माघातावरचं औषध नव्हे. धाप थांबेना, लाळ गळू लागली, कुत्रं झोकांड्या खाऊ लागलं, तर तोंडात बर्फ कोंबू नका. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक पशुवैद्य गाठा.