प्रवचनातून प्रपंचात (लेखांक ६) : ब्लॅकफ्रायर्समधील हरकत

मागील लेखांकात पाहिलेल्या ‘होमिली’ म्हणजे सरकारमान्य तयार प्रवचने. १५४७ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने त्यांचा पहिला संग्रह निघाला, आणि स्वतः उपदेश करण्याइतके शिक्षण किंवा परवाना नसलेल्या धर्मगुरूने त्यातील मजकूर मंडळीसमोर वाचून दाखवावा, अशी ती योजना होती. मद्यपान, आळस, पोशाखातील उधळपट्टी, विवाह असे रोजच्या जगण्याचे विषय एलिझाबेथ राणीच्या काळातील दुसऱ्या संग्रहात आले खरे, परंतु समोर कोण बसले आहे हे छापील होमिलीला ठाऊक नसते. शतकाच्या अखेरीस प्युरिटन उपदेशकांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधील सुधारणा अपुरी राहिली असे मानणाऱ्या धर्मगुरूंनी, नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले, आणि ती भरून काढण्याची पद्धत त्यांना केंब्रिजच्या विल्यम पर्किन्स (१५५८–१६०२) यांनी घालून दिली.

पर्किन्स यांचा प्रवचनकलेवरील लॅटिन ग्रंथ १५९२ मध्ये निघाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १६०७ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते उपदेशकाने प्रथम शास्त्रातील वचन वाचावे, मग त्याचा सरळ अर्थ उलगडावा, त्यातून ‘सिद्धान्त’ म्हणजे शिकवणुकीचा मुद्दा काढावा आणि अखेर त्या मुद्द्याचा ‘उपयोग’ सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याने त्यानुसार उद्यापासून काय करावे आणि काय सोडावे हे स्पष्ट करावे. ग्रीक-लॅटिन अवतरणांची आरास त्यांना व्यासपीठावर नको होती. विद्वत्ता तयारीत खर्च व्हावी, बोलण्यात दिसू नये, असा त्यांचा आग्रह होता. पद्धतीचा खरा कस मात्र ‘उपयोगा’त लागत असे, कारण श्रोते एकसारखे नसतात हे पर्किन्स यांनी गृहीतच धरले होते. अज्ञानी आणि शिकायलाही तयार नसलेले, अज्ञानी पण शिकण्यास उत्सुक, ज्ञान असूनही मनाने न नमलेले, पापाच्या जाणिवेने खचलेले, विश्वासात असलेले, विश्वासातून घसरलेले आणि या सर्वांची मिसळ असलेली मंडळी, अशा सात वर्गांची यादी देऊन, एकाला लागू पडणारे वचन दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, हे त्यांनी बजावले.

अशा उपदेशाला श्रोताही तयारीचा लागतो. लोक प्रवचनाच्या वेळी टिपणे घेत. १५८८ मध्ये टिमथी ब्राइट यांनी लघुलेखनाची पद्धत प्रसिद्ध केल्यावर काही प्रवचने तिच्या साह्याने उतरवली जाऊन छापखान्यात पोचू लागली. संध्याकाळी घरी परतल्यावर कुटुंबप्रमुखाने मुलांना आणि नोकरांना एकत्र बसवून सकाळच्या उपदेशातील मुद्दे विचारावेत, अशीही प्रथा होती आणि तिला ‘पुनरावृत्ती’ म्हणत. यॉर्कशरमधील लेडी मार्गरेट होबी यांच्या १५९९ पासूनच्या रोजनिशीत प्रवचन ऐकणे, त्याची टिपणे करणे आणि घरातल्यांशी त्याविषयी बोलणे या गोष्टी औषधोपचार आणि घरकामाच्या नोंदींच्या शेजारीच येतात.

ऐकलेले इतके घोळवणारी मंडळी ऐकलेल्यावर प्रश्नही विचारणार, हे ओघाने आलेच. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स वस्तीतील आहे. १६०८ मध्ये विल्यम गूज तेथे धर्मसेवेसाठी आले आणि १६५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. (१६०८ मध्येच त्याच वस्तीतील बंदिस्त नाट्यगृहाचा ताबा शेक्सपियरच्या नाटक कंपनीकडे आला, प्युरिटन उपदेशक आणि नट यांचा असा शेजार इतिहासाने जुळवावा, ही गंमतच.) नांगर-हातोडा हाती धरणाऱ्या साध्या गावकऱ्यांची ही मंडळी नव्हती, येथे व्यापारी, कारागीर आणि प्रतिष्ठित घराणी राहत, आणि त्यांच्या स्त्रिया घराचा हिशेब, नोकरचाकर आणि दानधर्म सांभाळत. गूज यांनी त्यांच्यासमोर बायबलमधील, संत पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या-सहाव्या अध्यायांवर प्रवचने केली. पती-पत्नी, आईबाप-मुले, धनी-चाकर यांची परस्परकर्तव्ये पौलाने तेथे थोडक्यात सांगितली आहेत. या प्रवचनांतून १६२२ मध्ये ‘ऑफ डोमेस्टिकल ड्यूटीज’ हा आठ प्रकरणग्रंथांचा जाडजूड ग्रंथ तयार झाला. (मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून एवढेच नोंदवावे की, मुळात इंग्रज असलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात त्याआधी सहाच वर्षे, १६१६ मध्ये, छापून झाले होते.)

ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत गूज यांनी आपल्या मंडळीला उद्देशून जे लिहिले आहे, ते अशा ग्रंथांत सहसा न आढळणारे आहे. पत्नीने घरातील सामाईक मालमत्ता पतीच्या संमतीवाचून किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध खर्च करू नये, हा ‘उपयोग’ त्यांनी व्यासपीठावरून सांगितला तेव्हा त्याला बरीच हरकत घेतली गेली, हे ते स्वतःच नमूद करतात. आपल्याला स्त्रीद्वेष्टा ठरवले गेले, हेही ते लपवत नाहीत. हरकतीचे मोल कळण्यासाठी ‘कव्हर्चर’ हा इंग्रजी कायद्यातील नियम ध्यानात घ्यावा लागतो. विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात सामावले जाई आणि तिच्या जंगम मालमत्तेवर त्याचा हक्क येई. म्हणजे गूज यांनी सांगितलेले कायद्याला धरूनच होते. तरीही ब्लॅकफ्रायर्समध्ये ते खपले नाही, कारण पुस्तकातला कायदा आणि घरातली किल्ली यांत तेथे अंतर पडलेले होते. पत्नी प्रत्यक्षात पैसा हाताळत होती, गरिबाला देत होती, आणि आता तेवढ्यासाठी रोज परवानगी मागावी असे तिला भर मंडळीत सांगितले जात होते.

गूज यांचे उत्तर माघारीचे नव्हते, पण हटवादीही नव्हते. पत्नीच्या अधीनतेची शेवटची मर्यादा आपण सांगितली, पतीने तितके ताणून धरावे असे सांगितले नाही, आणि पतीची कर्तव्ये नीट वाचली तर पत्नीवरील भार हलका होतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ग्रंथात नियमाला अपवादही जोडलेले दिसतात: काही वस्तू पत्नीसाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या असणे, पती दूर किंवा अक्षम असणे, असे. पत्नीला मारहाण करण्याचा अधिकार पतीला नाही, हे तर ते निःसंदिग्धपणे सांगतात. समकालीन प्युरिटन उपदेशक विल्यम व्हेटली यांनी विवाहावरील आपल्या ग्रंथात अगदी टोकाच्या प्रसंगी मारहाणीला वाट ठेवली होती, हे पाहता गूज यांची भूमिका ठळक उठून दिसते. तथापि, युक्तिवादाचा कच्चा दुवा उघड आहे. पतीने आपले कर्तव्य पाळले नाही तर पत्नीचे कर्तव्य सुटत नाही, असेही तेच बजावतात, आणि मग भार हलका होणे पतीच्या मर्जीवरच येऊन थांबते. हरकत घेणाऱ्या स्त्रियांनी नेमके काय म्हटले, हे फक्त त्यांच्या उपदेशकाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचते, हेही या पुराव्याचे वाचन करताना विसरून चालत नाही.

ग्रंथाच्या १६२६ आणि १६३४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, आणि ब्लॅकफ्रायर्स कधी न पाहिलेल्या घरांतही तो वाचला गेला. घरातील कर्तव्यांइतकाच प्युरिटन उपदेशकांच्या जिव्हाळ्याचा दुसरा विषय म्हणजे पोटापाण्याचा धंदा; त्याला पर्किन्स यांनी ‘पाचारण’ म्हणजे देवाने सर्वांच्या हितासाठी नेमून दिलेले जीवनकार्य मानले. मेंढपाळाचे आणि न्यायाधीशाचे काम त्यांनी एकाच मापाने कसे मोजले, हे पुढील लेखांकात पाहू.