हॉकीपटूचा करार किती दिवसांचा?

2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. दुसऱ्याच दिवशी दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव सुरू झाला आणि तीन दिवस चालला. आमच्या पुंडलिकनगरात चहाच्या टपरीवर क्रिकेटपटूंच्या लिलावाचे आकडे तोंडपाठ असलेली मंडळी आहेत. कोणाला कोणत्या संघाने किती कोटींना घेतलं, हे ती झोपेतही सांगतील. हॉकीचा कर्णधार हरमनप्रीत सिंग कितीला गेला, असं मी विचारलं, तर एकाने मलाच उलट विचारलं, "हॉकीतही लिलाव असतो?"

शेजारच्या गल्लीतला एक मुलगा तिथेच उभा होता. शाळेपासून हॉकी खेळतो. तो म्हणाला, "काका, त्या लिलावात आपलं नाव यायला काय करावं लागतं?" त्याचे वडील त्याला पोलीस भरतीची पुस्तकं आणून देतात, हे मला ठाऊक होतं. अशा प्रश्नाला चहाच्या घोटाबरोबर उत्तर देता येत नाही. आज ते सविस्तर देतो.

आधी लिलावाचा हिशेब समजून घेऊ. पुरुषांच्या प्रत्येक संघाला 4 कोटी रुपये खर्च करायची मुभा होती, महिलांच्या संघाला 2 कोटी. पुरुषांच्या संघात 24 खेळाडू घ्यायचे. त्यांत किमान 16 भारतीय, त्या 16 मध्ये 4 कनिष्ठ गटातले, आणि परदेशी 8. खेळाडूची पायाभूत किंमत 2 लाख, 5 लाख किंवा 10 लाख. तिथून बोली चढत जाते. 4 कोटींना 24 ने भागलं, तर माणशी साधारण साडेसोळा लाख येतात. पण तसं वाटप कधीच होत नाही. सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीतसाठी 78 लाख मोजले. उरलेल्या 3 कोटी 22 लाखांत 23 जण बसवायचे, म्हणजे माणशी 14 लाख. एका मोठ्या नावापायी बाकीच्यांचं ताट लहान होतं, हे कोणत्याही गृहिणीला वेगळं समजावून सांगायला नको.

एवढे पैसे हरमनप्रीतवर का? तर पेनल्टी कॉर्नर. आजच्या हॉकीत निम्मी लढाई तिथे होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने 10 गोल केले आणि भारताला कांस्यपदक मिळालं. जर्मनीकडून खेळणारा गोन्झालो पेयाट याच कौशल्यावर 68 लाखांना हैदराबादकडे गेला. 'ड्रॅग फ्लिक' मारणारा माणूस म्हणजे बाजारातलं सर्वांत महाग धान्य.

मात्र किमतीच्या यादीवरून संघ उभा राहत नाही. पॅरिसमधलाच सामना आठवा. 4 ऑगस्ट 2024, उपांत्यपूर्व फेरी, समोर ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. पुढची चाळीसहून अधिक मिनिटं आपण दहा जणांनिशी खेळलो, 1-1 अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये 4-2 ने जिंकलो. बंदीमुळे रोहिदास उपांत्य सामन्यात नव्हता. जर्मनीविरुद्ध आपण 2-3 ने हरलो. समोरच्याचा पेनल्टी कॉर्नर अडवताना गोलजाळ्यातून सर्वांत आधी धावत सुटून अंगावर चेंडू घेणारा माणूस म्हणजे हा रोहिदास. त्याची किंमत गोलांच्या तक्त्यात दिसत नाही. तो नसतो, तेव्हा ती कळते. लिलावात त्याला 48 लाख मिळाले, याचा मला हरमनप्रीतच्या 78 लाखांपेक्षा जास्त आनंद झाला.

आता कराराकडे येतो. हे पैसे किती दिवसांचे? ती लीग 28 डिसेंबर 2024 ला सुरू झाली आणि 1 फेब्रुवारी 2025 ला संपली. म्हणजे पाच आठवडे. पाच आठवड्यांचे 78 लाख ही मोठी रक्कम आहे, पण पाच आठवड्यांचे 2 लाख ही गोष्ट वेगळी. उरलेल्या सत्तेचाळीस आठवड्यांत घर कसं चालवायचं, हा प्रश्न 2 लाखवाल्याला पडतोच.

यावर आपल्याकडचं जुनं उत्तर नोकरी हे होतं. धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीचा. तो आधी महिंद्राकडून खेळला, मग इंडियन एअरलाइन्सकडून. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका, सेनादलं आणि पोलीस, हेच हॉकीपटूचे संघमालक. संघ बदलायचा म्हणजे नोकरी बदलायची. पगार लहान असे, पण दर महिन्याला येई आणि गुडघा गेला तरी थांबत नसे.

लीगच्या करारामागे असं कोण उभं असतं? संघ. आणि संघच राहिला नाही तर? आपल्या महाराष्ट्राची गोष्ट इथेच सुरू होते.

2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली. तिच्यात आपला मराठा वॉरियर्स होता आणि धनराज त्यातून खेळला. 2008 नंतर ती लीग बंद पडली. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. त्यात आपले दोन संघ होते, पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स. पुणे तर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं आणि शेर-ए-पंजाबकडून हरलं. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली आणि मुंबई मॅजिशियन्स आला. त्यांनी संदीप सिंगला 64,400 डॉलरला घेतलं, प्रशिक्षक म्हणून रिक चार्ल्सवर्थसारखा जगन्मान्य माणूस आणला आणि पहिल्याच वर्षी ते तळाला राहिले. दोन हंगामांत संघ गेला. 2015 मध्ये त्याच्या जागी दबंग मुंबई आला. 2017 मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि कलिंगा लान्सर्सकडून 1-4 ने हरला. त्यानंतर लीगच थांबली, ती थेट 2024 च्या डिसेंबरपर्यंत.

मोजून बघा. बारा वर्षांत पाच संघ, आणि आज एकही नाही. लीग परत आली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते आणि महिलांचे चार. त्यांत महाराष्ट्राचं नाव कुठेही नव्हतं. 78 लाखांचा हा हरमनप्रीत 2015 नंतर दबंग मुंबईचाच तरुण खेळाडू होता. संघ टिकला असता तर तो आपला म्हणून आपण मिरवलं असतं.

क्रिकेटमध्ये हार्दिक पंड्या 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातकडून मुंबईकडे आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! दोन संघांनी आपसांत केलेल्या अशा देवघेवीला 'ट्रेड' म्हणतात. अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी चालते. तिथे 1988 मध्ये वेन ग्रेट्झ्की हा सर्वश्रेष्ठ खेळाडू एडमंटनहून लॉस एंजेलिसच्या संघात गेला. सबंध कॅनडा हळहळला. पण एडमंटनचा संघ जागेवर राहिला आणि 1990 मध्ये त्याच्याशिवाय अजिंक्यपद जिंकला. तिथे खेळाडू गेला तरी प्रेक्षकाचा संघ कायम होता. आपल्या हॉकीत खेळाडू तेच राहतात आणि त्यांच्या पायाखालून संघ निघून जातो. मग खेळाडूने निष्ठा कुणाशी ठेवायची आणि आम्ही टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

महाराष्ट्रात खेळाडू नाहीत, असंही नाही. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताकडून खेळली. मुंबईचे युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे भाऊ भारताकडून खेळले. 2011 मध्ये युवराजच्या गोलाने देशाला आशियाई चॅम्पियन्स करंडक मिळवून द्यायला हातभार लावला, तेव्हा मरीन लाइन्सजवळच्या त्याच्या घरात विजेची जोडणी नव्हती. लीगमध्ये युवराज दिल्लीकडून खेळला. आपली मुलं दुसऱ्याच्या रंगात खेळतात, याचं मला वाईट वाटत नाही. खेळाडूने जिथे मान आणि पैसा मिळेल तिथे जावं. वाईट याचं वाटतं, की परतायला घर नाही.

ओडिशाकडे बघा. त्या सरकारने 2018 पासून भारतीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं, 2023 च्या विश्वचषकासाठी राउरकेलाला भव्य मैदान बांधलं. लीग थांबली तरी मैदान राहिलं, खेळणारी मुलं राहिली आणि लीग परतली तेव्हा कलिंगा लान्सर्सचं नावही परतलं. आधी मुळं, मग फांदी. आपण पाच वेळा फांदी लावली.

एक चाहता म्हणून माझी मागणी लहानच आहे. महाराष्ट्राचा पुढचा संघ येईल तेव्हा मालकाकडून काही वर्षांची लेखी हमी घ्यावी. खेळाडूंचे पैसे हंगामाआधी बाजूला काढून ठेवावेत. सक्तीच्या चार कनिष्ठ खेळाडूंपैकी निदान दोन राज्यातलेच असावेत. मग लिलावात कोण कितीला गेला, यावर टपरीवरही वाद होतील.

आता त्या मुलाचं उत्तर. बाळा, लिलावात नाव यायला आधी जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा आणि तिथून भारताच्या शिबिरापर्यंत जावं लागतं. तिथवर जायची जिद्द सोडू नकोस. पण वडिलांनी आणलेली पुस्तकंही बाजूला टाकू नकोस. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, प्रमाणपत्रं जपून ठेव. आणि हेही लक्षात ठेव, की 78 लाखांचा तो हरमनप्रीत सिंग 2024 च्या फेब्रुवारीत, म्हणजे लिलावाच्या आठ महिने आधी, पंजाब पोलिसांत उपअधीक्षक झाला होता.