आठ ओहम म्हणजे नक्की काय? व्हॉल्व्हचा ॲम्प, स्पीकर आणि भिऱ्याचं पाणी

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ऐकता ऐकता आकडे निसटतात, म्हणून ते इथे सावकाश वाचता येतील.)

मागच्या भागात व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आवाज वेगळा का लागतो यावर बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. "जुना व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प मिळालाय, मागे ८ ओहम लिहिलंय, माझ्याकडचा स्पीकर १६ ओहमचा आहे. लावू का?"

लावलात तर आवाज बहुतेक येईल, आणि घोळ तिथेच आहे. आवाज आला की आपल्याला वाटतं सगळं जमलं. आत मात्र एका भागावर ताण येत असतो: आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ईएल-८४ सारखे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, गेला तर बदलता येतो. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ॲम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा मिळणं कठीण. म्हणून आज ओहमचं प्रकरण मुळापासून बघू.

उंची आणि पाणी

हिंजवडीला रोज येणाऱ्या अर्ध्या लोकांना हा मुळशी तालुका आहे हेच आठवत नाही. याच तालुक्यात मुळशीचं धरण आहे, ज्याच्या विरोधात १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात भिऱ्याला सोडतात. तिथलं टाटांचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलं असेल तर याच वीजघरातून बाहेर पडलेल्या पाण्यावर तुम्ही तरंगलात.

हे पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. आता गंमत बघा. ५०० मीटरवरून सेकंदाला १ घनमीटर पाणी सोडलं तर जितकी ताकद मिळते, तितकीच ५ मीटरवरून मिळवायला सेकंदाला १०० घनमीटर पाणी लागेल. ताकद तीच. एकीकडे उंची जास्त आणि पाणी कमी, दुसरीकडे उंची कमी आणि पाणी जास्त. पण दोन्हीकडे एकच टर्बाइन चालत नाही. खूप उंचीवरून येणाऱ्या थोड्या पाण्याला पेल्टन चाक लागतं, भिऱ्याला तेच आहे. संथ, रुंद प्रवाहाला वेगळं यंत्र लागतं.

उंचीच्या जागी व्होल्टेज ठेवा आणि पाण्याच्या जागी करंट. व्हॉल्व्ह हा उंच डोंगर आहे: व्होल्टेज शेकड्यांत, करंट अगदी थोडा. स्पीकरची कॉइल म्हणजे जाड तारेचे थोडे वेढे. तिला व्होल्टेज कमी आणि करंट भरपूर लागतो. या दोघांना थेट जोडलं तर ताकद पोचतच नाही. मधला दुभाषी म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

एक हजाराचा गुणाकार

ईएल-८४ ची जोडी घेऊ. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे ३०० व्होल्टवर ही जोडी सुमारे १७ वॅट देते, पण एका अटीवर: तिला समोर ८,००० ओहमचा भार दिसला पाहिजे. आपला स्पीकर आहे ८ ओहमचा, म्हणजे हजारपट फरक.

ट्रान्सफॉर्मर वेढ्यांच्या प्रमाणात व्होल्टेज कमी करतो आणि त्याच प्रमाणात करंट वाढवतो. इम्पिडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून तो प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. हजाराचं वर्गमूळ सुमारे ३१.६. प्रायमरीचे वेढे सेकंडरीच्या ३१.६ पट असले की काम झालं. पडताळून बघा:

- व्हॉल्व्हच्या बाजूला: ३६९ व्होल्ट × ०.०४६ ॲम्पिअर = १७ वॅट
- स्पीकरच्या बाजूला: ११.७ व्होल्ट × १.४६ ॲम्पिअर = १७ वॅट

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे ८ ओहम नसतात. तो फक्त गुणाकार करतो. जॅकवर ८ लिहिलंय याचा अर्थ, "इथे ८ ओहम लावलेत तर व्हॉल्व्हला हवे ते ८,००० दिसतील." तिथे १६ लावले तर व्हॉल्व्हला १६,००० दिसतात. ४ लावले तर ४,०००. आणि काहीच लावलं नाही तर? जवळजवळ अनंत.

स्पीकर काढला तर काय होतं?

पुन्हा भिऱ्याला जाऊ. विजेची मागणी अचानक गेली तर चाक बेफाम फिरू लागेल, म्हणून पाणी थांबवायला हवं. पण तोटी झटकन बंद करता येत नाही. पाइपात धावणाऱ्या पाण्याला एकदम अडवलं तर दाब इतका उसळतो की पाइप फुटू शकतो. सोसायटीत कुणी नळ झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप ठण्णकन वाजतो ना, तेच मोठ्या प्रमाणावर. म्हणून पेल्टन टर्बाइनमध्ये डिफ्लेक्टर असतो. तो पाण्याची धार क्षणात बाजूला वळवतो आणि तोटी मग हळूहळू बंद होते.

ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधला करंट असाच हट्टी असतो. त्याला जायला वाट नसेल तर व्होल्टेज उसळतं. बाइकच्या इग्निशन कॉइलमध्ये १२ व्होल्टचा करंट तोडून प्लगमध्ये ठिणगी पाडतात ती याच तत्त्वावर. स्पीकर न लावता व्हॉल्व्हचा ॲम्प जोरात वाजवला तर ठिणगी व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये किंवा वेढ्यांच्या मध्ये पडते. जुन्या तारेवरचं इन्सुलेशन आधीच कमकुवत झालेलं असतं. एकदा ते फुटलं की ट्रान्सफॉर्मर गेला.

फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ॲम्पमध्ये यावर साधा उपाय आहे. स्पीकरचा प्लग काढला की जॅक आपोआप शॉर्ट होतो, म्हणजे करंटला वाट मिळते. हा त्यांचा डिफ्लेक्टरच समजा. पण केबल आतून तुटली किंवा स्पीकरची कॉइल जळली, तर प्लग जागेवरच असतो आणि हा उपाय कामाला येत नाही.

डीजेचा नियम इथे उलटा

बहुतेकांची चूक होते ती इथे. आपण शिकलो ते ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर. कारमधला ॲम्प असो की मिरवणुकीतला, नियम एकच: ४ ओहम लिहिलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलात तर आवाज जरा कमी होईल, आणि स्पीकर काढून ठेवला तरी बिघडत नाही. अशा ॲम्पमध्ये साधारणपणे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून हे चालतं.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये "जास्त ओहम म्हणजे सुरक्षित" हे गृहीत धरू नका. भार फार कमी ओहमचा असेल तर व्हॉल्व्हवर करंटचा ताण येतो आणि ते लवकर झिजतात. भार फार जास्त ओहमचा असेल तर व्होल्टेज उसळतं, व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडवर आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. दुप्पट किंवा निम्मा फरक बरेच ॲम्प सोसतात. पण जुन्या ॲम्पची सोसण्याची ताकद किती उरली आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून जुळवूनच लावा.

मल्टिमीटर ६.५ दाखवतो, स्पीकर खराब आहे का?

नाही. मल्टिमीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ चा ११ ते १३ च्या आसपास. खरा इम्पिडन्स सुराप्रमाणे बदलतो. गिटारच्या स्पीकरमध्ये खर्जात, साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, तो कित्येक पट वर जातो, मग उतरतो आणि वरच्या सुरांत पुन्हा चढतो. स्पीकरवर छापलेला आकडा हा व्यवहारासाठी धरलेला आकडा आहे.

जोडणीचा हिशोब:

- ८ आणि ८ एकामागे एक (सिरीज): १६
- ८ आणि ८ समांतर (पॅरलल): ४
- १६ चे चार, दोन-दोनच्या सिरीज जोड्या समांतर: पुन्हा १६
- ८ आणि १६ समांतर: ५.३, आणि यात ८ ओहमचा स्पीकर दुप्पट ताकद खातो

मंडपवाल्याचा जुना ॲम्प

काही जण लग्नात भोंगे वाजवणारे जुने व्हॉल्व्हचे ॲम्प गिटारसाठी घेतात. त्याच्या मागे ४, ८, १६ सोबत "१०० व्होल्ट लाइन" असंही टर्मिनल असू शकतं. ते लांब वायरवर, स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी असतं. ३० वॅटच्या ॲम्पला तिथे सुमारे ३३३ ओहमचा भार हवा असतो. तिथे साधा ८ ओहमचा स्पीकर लावू नका.

वाजवण्याआधी

१. आधी स्पीकर जोडा, मग ॲम्प चालू करा. स्पीकर बदलायचा तर ॲम्प पूर्ण बंद करा.
२. गिटारची बारीक शील्डेड केबल स्पीकरला वापरू नका. स्पीकर केबलच घ्या.
३. फ्लॅटमध्ये आवाज नको म्हणून स्पीकर काढून वाजवू नका. योग्य ओहमचा आणि पुरेशा वॅटचा लोड बॉक्स लावा.
४. टर्मिनलवरचे आकडे पुसले असतील तर अंदाज करू नका. तंत्रज्ञ ॲम्प बंद ठेवून, व्हॉल्व्ह काढून, सेकंडरीला १ व्होल्ट एसी देतो आणि प्रायमरीवर किती येतं ते मोजतो. ३१.६ आले तर गुणाकार हजाराचा.
५. ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव जाईल इतकं व्होल्टेज राहू शकतं.

तुमच्या ॲम्पच्या मागच्या पाटीचा फोटो पाठवा, ओहमचे आकडे नीट दिसतील असा. पुढच्या भागात त्यातले काही ॲम्प घेऊन हाच हिशोब सोबत करू. तोवर स्पीकर लावलेला असू द्या!