हवेच्या निर्गमनाची तजवीज

ऑरेगन प्रांतात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये आरव्ही-७ जातीचे दोन आसनांचे विमान बांधणाऱ्या एका स्नेह्यांच्या हाताखाली मी काही काळ राबलो, आणि इंजिनाच्या निवडीइतकाच विचार त्यांनी कक्षात हवा कोठून घ्यावी व कोठून सोडावी या प्रश्नासाठी का राखून ठेवला होता, ते तेथे प्रत्यक्ष पाहून उमगले.

हवा आत घेणे त्या मानाने सुलभ होते. विमानाच्या अंगाबाहेर न डोकावता पत्र्यातच उतरत जाणारे, आरंभी निमुळते व पुढे रुंदावणारे जे द्वार अमेरिकेच्या ‘नाका’ या संशोधनसंस्थेने १९४५ च्या सुमारास प्रयोगांनी पारखले, तेच त्यांनी उपकरणफलकाच्या पुढे दोन्ही अंगांस बसविले. त्याने वाऱ्याला होणारा विरोध अत्यल्प राहतो. परंतु जिला निर्गमनाचा मार्ग नाही अशी हवा, भरल्या घागरीवर ओतलेल्या पाण्याप्रमाणे, दारातूनच माघारी फिरते.

त्याहून गंभीर बाब निराळीच होती. काचेच्या घुमटावरून वारा वेगाने वाहतो तेथे दाब उतरतो, घुमटाच्या फटींतून कक्षातील हवा बाहेर ओढली जाते, आणि तिची भरपाई शेपटीच्या पोकळीतून होऊ लागते. एक्झॉस्टचा धूर तर विमानाच्या पोटाखालून त्याच दिशेने जात असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना गंध ना रंग, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने जडतो. २०१९ साली इंग्लिश खाडीत कोसळलेल्या पायपर मालिबू विमानातील प्रवाशाच्या रक्तात, तपासाअंती, ५८ टक्के हिमोग्लोबिन या विषाने व्यापलेले आढळले.

चाचणी-उड्डाणांची मुदत संपल्यावर मी शेजारी बसलो, तेव्हा आसनांमागे चिकटपट्टीने लावलेले लोकरीचे धागे शेपटीकडे न झुकता आमच्याच दिशेने फडफडत होते. उतरल्यावर त्यांनी सामानकप्प्याच्या मागील भिंतीतून जाणाऱ्या नियंत्रणदांड्याभोवतीची मोकळी जागा चामडी आच्छादनाने बुजविली, इतर भोके बंद केली, आणि कक्षाच्या कडेला, मागे तोंड असलेली एक झडप निर्गमनासाठी कापली. पुढच्या उड्डाणात धागे वळले.

उष्णतेच्या तरतुदीतही तीच खबरदारी होती. उष्ण हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या आवरणातून येते, म्हणून नळीला तडा गेल्यास विष थेट आत शिरते; तशात आग लागल्यास धोका असा की ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, म्हणून इंजिन व कक्ष यांमधील फायरवॉलवरची झडप त्यांनी पोलादीच घेतली आणि विषसूचक यंत्र नजरेसमोर बसविले.

स्वहस्ते विमान बांधू इच्छिणाऱ्याने आराखड्याच्या आरंभीच निर्गमनाचे द्वार कागदावर काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रिव्हेट ठोकून झाल्यावर पत्रा पुन्हा कापणे कष्टाचे असते, आणि कष्टाचे काम पुढे ढकलण्याकडे माणसाचा कल असतो, जो या एका बाबतीत परवडणारा नाही.