१९५२ : घरची मैदाने आणि बाहेरची

१९५२ हे हेलसिंकी ऑलिंपिकचे वर्ष. भारतीय क्रीडेतिहासात मात्र ते आणखी तीन कारणांनी मोजले जाते. पहिला कसोटी विजय, पहिला मालिका विजय आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक या तिन्ही गोष्टी याच बारा महिन्यांत घडल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये क्रिकेट संघाची आणि फिनलंडमध्ये फुटबॉल संघाची जी दाणादाण उडाली, तिलाही तोड नव्हती.

वर्षाची सुरुवात पराभवाने झाली. नायजेल हॉवर्डच्या इंग्लंड संघाबरोबरच्या पहिल्या तिन्ही कसोट्या अनिर्णित राहिल्या होत्या. जानेवारीत कानपूरच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर भारत आठ गड्यांनी हरला. शेवटची कसोटी ६ फेब्रुवारीला मद्रासच्या चेपॉक मैदानावर सुरू झाली. हॉवर्ड आजारी असल्याने इंग्लंडचे नेतृत्व डोनाल्ड कारकडे होते. पहिल्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची बातमी आली आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे आणून ७ तारखेला घ्यावा लागला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले. यष्टीमागे प्रबीर सेन यांनी सामन्यात पाच फलंदाजांना यष्टिचीत केले. फलंदाज पुढे यावेत आणि फसावेत, हीच मंकड यांची चाल होती. पंकज रॉय यांच्या १११ आणि पॉली उमरीगर यांच्या नाबाद १३० धावांच्या बळावर भारताने ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव ८ धावांनी जिंकला. कसोटी पदार्पणाला वीस वर्षे होत आली होती आणि हा भारताचा पंचविसावा सामना होता. हटन, कॉम्प्टन, बेडसर, लेकर हे बिनीचे खेळाडू या दौऱ्यावर आलेच नव्हते, हे मात्र विसरून चालणार नाही. त्या खेळाडूंशी गाठ पडली तेव्हा, चारच महिन्यांनी, त्याची किंमत चुकवावी लागली.

मद्रासची कसोटी चालू असताना मुंबईत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा भरली होती. आशियात ती प्रथमच होत होती. जपानही त्यात प्रथमच उतरला होता आणि हिरोजी सातो या त्याच्या फारसे नाव नसलेल्या खेळाडूने पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले. त्याच्या बॅटवर जाड स्पंजचा थर होता. तोवर चेंडू बॅटला लागल्याचा टकटक आवाज ऐकून प्रतिस्पर्धी फटक्याचा अंदाज बांधत. सातोच्या बॅटीचा आवाजच येत नसे आणि चेंडू अनपेक्षित वेगाने परतत असे. युरोपचे मुरलेले खेळाडू गोंधळून गेले. महिलांच्या एकेरीत रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनू यांनी आपले विजेतेपद राखले, पण या खेळातील युरोपच्या वर्चस्वाला मुंबईत तडा गेला तो गेलाच.

याच महिन्यात ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक झाले. यजमान नॉर्वेच्या यालमार अँडरसनने वेगवान स्केटिंगमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली.

जूनमध्ये विजय हजारे यांचा संघ लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर उतरला. इंग्लंडने विसाव्या शतकात प्रथमच एका व्यावसायिक खेळाडूला, लेन हटनला, कर्णधार केले होते. पहिल्या डावात ३ बाद ४२ अशी अवस्था असताना हजारे आणि वीस वर्षांचे विजय मांजरेकर यांनी २२२ धावांची भागीदारी केली. मांजरेकरांचे १३३ हे त्यांचे पहिले कसोटी शतक. पहिल्या डावाअखेर भारत ४१ धावांनीच मागे होता. मग दुसऱ्या डावाचे पहिले चौदा चेंडू पडले. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर असे चौघेही भोपळा न फोडता परतले. तीन बळी पदार्पण करणाऱ्या फ्रेड ट्रूमनचे, एक बेडसरचा. धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी असे आकडे लागले. कसोटी क्रिकेटमध्ये डावाची इतकी वाईट सुरुवात त्यापूर्वी कोणाचीच झालेली नव्हती. हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतके काढून थोडी लाज राखली, तरी सामना सात गड्यांनी गेला.

मंकड या सामन्यात नव्हते. संघातील जागेची आगाऊ हमी भारतीय क्रिकेट मंडळाने न दिल्यामुळे त्यांनी लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला होता. हेडिंग्लेनंतर मंडळाने धावपळ करून त्यांना लॉर्ड्ससाठी सोडवून घेतले. तेथे त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले, आणि तरीही भारत आठ गड्यांनी हरला. एकट्याने किती ओढायचे याला मर्यादा असते. ओल्ड ट्रॅफर्डवर एकाच दिवसात ५८ आणि ८२ असे दोन डाव गुंडाळले गेले. पहिल्यात ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले. ओव्हलची कसोटी पावसाने वाचवली. मालिका ०-३ अशी गेली. आपल्याकडच्या संथ खेळपट्ट्यांवर वाढलेल्या फलंदाजांना अंगावर येणाऱ्या वेगाचा सरावच नव्हता, हे या निकालांमागचे खरे कारण.

१९ जुलैला हेलसिंकीत पावो नुर्मीने ज्योत आणली. सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला होता आणि साम्यवादी देशांच्या खेळाडूंची राहण्याची सोयही वेगळी होती. स्पर्धेचा नायक ठरला चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. २० तारखेला १०,००० मीटर, २४ तारखेला ५,००० मीटर आणि २७ तारखेला मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदके त्याने आठ दिवसांत घेतली. मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता. वाटेत त्याने ब्रिटनच्या जिम पीटर्सला, हा वेग बरोबर आहे का, असे विचारले. पीटर्स कावून म्हणाला, फार संथ आहे. झाटोपेकने ते खरे मानून वेग वाढवला. पुढे पीटर्सला शर्यत सोडावी लागली. ५,००० मीटरच्याच दिवशी झाटोपेकची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. फुटबॉलमध्ये पुश्काशच्या हंगेरीने युगोस्लाव्हियाला २-० असे हरवले. त्याआधी याच युगोस्लाव्हियाकडून सोव्हिएत फुटबॉल संघ हरल्याचा राग स्टॅलिनच्या राजवटीने मॉस्कोच्या लष्करी क्लबावर काढला आणि तो संघच बरखास्त केला.

भारतीय फुटबॉल संघाचीही गाठ युगोस्लाव्हियाशीच पडली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते, गारठा होता, निकाल १-१०. यानंतर बूट सक्तीचे झाले. हॉकीत मात्र कसलीच चिंता नव्हती. के. डी. सिंग 'बाबू' यांच्या संघाने ऑस्ट्रिया, ब्रिटन आणि अंतिम सामन्यात हॉलंड यांना नमवले. हॉलंडविरुद्ध ६-१ मधले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे होते.

खाशाबा जाधव यांचे पदक २३ जुलैचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९४८ साली लंडनला सहावा क्रमांक मिळवला होता. तेव्हाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. या खेपेला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मातीत कसलेल्या मल्लाला गादीवर, गुणांच्या हिशेबाने लढायचे होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवल्यावर जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती गुणांवर गेली. दम खायला वेळ न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल ममदबेकोव्हपुढे उभे केले गेले, आणि हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. कांस्यपदक हाती आले. कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले, म्हणजे त्यांचे पदक थोडक्यात हुकले. ही गोष्ट आज फारशी कोणी काढत नाही. कराड स्टेशनवरून खाशाबांची मिरवणूक दीडशेवर बैलगाड्यांतून निघाली. पुढे कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी खर्डेकरांचे पैसे फेडले.

ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ आपल्या पहिल्या अधिकृत मालिकेसाठी भारतात आला. दिल्लीला मंकड यांनी १३ बळी घेतले आणि भारत डावाने जिंकला. आठवड्याभरात लखनौच्या मॅटिंगवर मंकड आणि हजारे दोघेही नसताना फझल महमूदने १२ बळी घेऊन भारताला डावानेच हरवले. नोव्हेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर हजारे यांनी नाबाद १४६ आणि उमरीगर यांनी १०२ धावा केल्या. भारत दहा गड्यांनी जिंकला. याच सामन्यात मंकड यांचे हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण झाले, तेही अवघ्या तेविसाव्या कसोटीत. मद्रास आणि कलकत्त्याच्या कसोट्या अनिर्णित राहिल्या. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिली मालिका २-१ अशी जिंकली. परदेशातला पहिला कसोटी विजय मिळायला मात्र १९६८ साल उजाडावे लागले, तेही न्यूझीलंडमधील ड्युनेडिनला.